पैठण आणि संवत्सरीची तिथि

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपल्या घरीं गणपति येतो. बहुधा त्याच दिवशीं शेजारच्या श्वेतांबर जैन कुटुंबांत चूल थंड असते. लहानथोर माणसें उपवास करून सायंकाळीं प्रतिक्रमणास जातात. दोन्ही घरांत एकच तिथि पाळली जाते. परंतु जैनांची ही तिथि मूळची चतुर्थी नसून पंचमी होती, व तिचा पालट त्यांच्या परंपरेप्रमाणें महाराष्ट्रांतच, गोदावरीकांठच्या प्रतिष्ठान नगरीं म्हणजे आजच्या पैठणास झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

पर्युषण म्हणजे मुळांत साधूंचा स्थिर वास. पावसाळ्यांत भूमि जीवजंतूंनीं भरून जाते. पाऊल टाकणें हीच हिंसा होऊं लागते. म्हणून साधूनें विहार थांबवून एके ठिकाणीं रहावें, असा नियम झाला. वर्षाऋतूचा एक महिना व वीस रात्री लोटल्यावर महावीरांनीं पर्युषण केलें, असें कल्पसूत्र सांगतें. त्याआधीं तें केलें तर चालेल, मात्र ती रात्र उलटतां कामा नये, असेंही तेथें बजावलें आहे. आषाढी पौर्णिमेपासून मोजतां हा पन्नासावा दिवस भाद्रपद शुद्ध पंचमीस येतो.

कालकाचार्य प्रतिष्ठानास आले तेव्हां तेथील सातवाहन राजा श्रावक होता, अशी कथा सातव्या शतकांतील निशीथचूर्णींत आहे. पंचमीस नगरांत इंद्रोत्सव असे, व प्रजेबरोबर राजासही त्यांत राहणें भाग पडे. त्यानें विनंति केली कीं, पर्युषण षष्ठीस करावें. पंचमी ओलांडतां येत नाहीं, असें आचार्यांनीं सांगितलें. तर मग चतुर्थीस करावें, असें राजा म्हणाला. आचार्यांनीं तें मान्य केलें.

या कथेस इतिहासाचा पुरावा मानतां येणार नाहीं. कालक नांवाचे आचार्य एकाहून अधिक झाले. सातवाहन हें तर कुळाचें नांव. पण तींतील निर्णयाची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. पुढचा दिवस मागितला तो नाकारला. अलीकडचा मागितला तो दिला. वर्षाहून अधिक काळ टिकलेला क्रोध सम्यक्त्वाचाच घात करतो, असें जैन शास्त्र मानतें. तेव्हां क्षमेची वेळ आधीं आणण्यास हरकत नव्हती. लांबविण्यास मात्र होती.

लोकांसाठीं असाच आणखी एक पालट झाला. कल्पसूत्राचें वाचन पूर्वीं साधूंपुरतेंच असे. आनंदपुरास ध्रुवसेन राजाच्या पुत्रशोकाच्या प्रसंगीं तें प्रथम सभेंत वाचलें गेलें, अशी परंपरा आहे. त्याचें वर्ष वीरनिर्वाणानंतरचें ९८० किंवा ९९३ सांगतात. आज पर्युषणाच्या आठ दिवसांत मंदिरमार्गी लोक तें भक्तीनें ऐकतात. कित्येक जण आठही दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहून अठ्ठाई करितात. शेवटच्या दिवशीं प्रतिक्रमण झाल्यावर सर्व एकमेकांस ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात: माझें दुष्कृत मिथ्या होवो.

दिगंबरांचें दशलक्षण पर्व पंचमीस सुरू होऊन अनंतचतुर्दशीस संपतें. उत्तम क्षमेपासून ब्रह्मचर्यापर्यंत रोज एकेका धर्माचें चिंतन होतें, आणि तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांपैकीं एकेक वाचला जातो. श्वेतांबरांतही स्थानकवासी व तेरापंथी संवत्सरी पंचमीस पाळतात, तर बहुतेक मूर्तिपूजक चतुर्थीस.

या एका दिवसावरून पुढें पुष्कळ वाद झाले. वैर सोडण्याचा दिवस कोणता, यावरूनच मनें दुरावावीं, हें शोचनीय खरें. पण असा प्रकार कोणत्या धर्मांत घडला नाहीं? अशा वेळीं पैठणची कथा दोन्ही पक्षांनीं पुन्हां वाचावी. आचार्यांनीं नियम मोडला नाहीं व राजासही विन्मुख धाडलें नाहीं. चतुर्थी पाळणारा त्या सवलतीचा वारस आहे, तर पंचमी पाळणारा मूळ मर्यादेचा. आणि एकाच कथेंत दोघांसही जागा आहे. एकाची क्षमायाचना आज आली व दुसऱ्याची उद्यां, तरी ऐकणाऱ्यानें दोन्ही सारख्याच मनानें स्वीकाराव्या.