दोन देशांचं एक काडतूस

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. एन्फिल्ड रायफल, चरबी, बराकपूर. आज मी ज्या काडतुसाविषयी बोलणार आहे, ते त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९४ साली, थंडीच्या मुलुखात रुजू झालं. तेव्हा स्वीडन आणि नॉर्वे एकाच राजाखाली होते. दोन्ही सैन्यांनी रायफली वेगळ्या निवडल्या. नॉर्वेनं क्राग-यॉर्गेन्सन, स्वीडननं माउजर. काडतूस मात्र सामाईक ठरलं : साडेसहा मिलिमीटर जाडीची गोळी आणि ५५ मिलिमीटर लांबीची पितळी पुंगळी. १९०५ मध्ये दोन्ही देश विभक्त झाले. काडतूस दोघांनीही ठेवलं.

सैनिकाचं हे काडतूस पुढे मूसच्या शिकारीत स्थिरावलं. मूस म्हणजे हरणांच्या कुळातलं सर्वांत मोठं जनावर. पूर्ण वाढलेला नर चारशे-पाचशे किलोंचा. आपलं थोराड सांबरही त्याच्यापुढे लहान दिसेल. बोरूएवढ्या जाडीच्या गोळीनं तो पडतो कसा, याचं मला बरेच दिवस कोडं होतं.

उत्तर वजनात आहे. मूळची लष्करी गोळी बोथट नाकाची, लांबुडकी, १५६ ग्रेनची. (एक ग्रेन म्हणजे आपल्या सोनारांची साधारण अर्धी गुंज.) १९४१ मध्ये स्वीडिश लष्करानं लांबच्या नेमासाठी टोकदार, हलकी गोळी घेतली. शिकाऱ्यांनी जडच धरून ठेवली, फक्त तिचं नाक उघड्या शिशाचं केलं. पूर्ण आवरणाची गोळी सुईसारखी आरपार जाते. जनावर धावत सुटतं आणि जंगलात कुठंतरी तासांनी मरतं. शिशाचं नाक आत शिरताच फुलतं, मागचं वजन त्याला पुढे ढकलत राहतं.

तिथले काही शिकारी काडतुसं घरीच भरतात. झाडलेली पुंगळी मापात आणायची, बुडाशी नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची, वर गोळी. दारू वाढवून वेग वाढवावा, हा नवशिक्याचा मोह. पण वेग फार झाला की साधी शिशाची गोळी हाडावर विखुरते, खोल जात नाही. शिवाय त्या जुन्या माउजरी आता शंभरी ओलांडलेल्या. जाणता माणूस म्हणूनच जड गोळी आणि बेताची दारू घेतो.

स्वीडनच्या नियमांतही हेच दिसतं. मूससाठी गोळी ९ ते १० ग्रॅमची असेल, तर शंभर मीटरवर किमान २७०० ज्यूल ऊर्जा हवी; १० ग्रॅम भरली की २००० पुरे. आपली १५६ ग्रेनची गोळी भरते १०.१ ग्रॅम! हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार थांबवली. तिथं १९८२ या एका वर्षात पावणेदोन लाखांच्या आसपास मूस मारले गेले. १९८५ पासून नव्या शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. आणि गोळी चुकून मूस जखमी पळालाच, तर माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांत तिथं पोचेल, ही तजवीज शिकारीला निघण्यापूर्वीच करावी लागते.