सल्फर डायऑक्साइड : कोंडलेला वायू आणि मोकाट वायू – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत द्विऑक्साइडांचे प्रकरण प्रायः ठरीव वळणाने जाते. आधी निर्मिती, मग गुणधर्म, शेवटी उपयोग. सल्फर डायऑक्साइड हा रंगहीन, उग्र वासाचा, हवेच्या दुपटीहून जड आणि पाण्यात सहज विरघळणारा वायू. उपयोग गंधकाम्लनिर्मिती, विरंजन व अन्नसंरक्षण. त्याने होणारी हानी मात्र पर्यावरणशास्त्राच्या निराळ्या प्रश्नपत्रिकेत येते. या वाटणीमुळे एक ऐतिहासिक सत्य झाकले जाते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पाण्याशी मिळून आम्ल होणे हा या वायूचा स्वभाव. तो कोंडला की माल तयार होतो, मोकळा सोडला की रोग. कोंडायचा की सोडायचा, हे मात्र बहुधा रसायनशास्त्राने नव्हे, हिशेबाच्या वहीने ठरवले आहे.

गंधकाच्या धुरापासून शिसाच्या कोठडीपर्यंत :

गंधक जाळून होणाऱ्या धुराचा वापर फार जुना आहे. होमरच्या ‘ओडिसी’त नायक रक्तपातानंतर आपला वाडा गंधकाच्या धुरीने शुद्ध करून घेतो. थोरल्या प्लिनीने लोकर पांढरी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गंधकाच्या धुरीची नोंद केली आहे. (हाच प्लिनी इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला आणि त्या प्रसंगीच्या गंधकाच्या वासाचा उल्लेख त्याच्या भाच्याच्या पत्रात आहे.) आपल्याकडील साखर कारखान्यांत आजही या प्राचीन युक्तीचेच सुधारलेले रूप दिसते. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला. पुढे महाराष्ट्रभर जी पांढरी साखर पोत्यांत भरली गेली, ती मुख्यतः दुहेरी सल्फिटेशन पद्धतीची. उसाच्या रसात चुना मिसळून गंधक भट्टीतील वायू सोडला की गाळ बसतो, रंग उतरतो. पुढे पाकालाही तोच वायू दिला जातो.

वायूचे शास्त्रीय ज्ञान मात्र उशिरा आले. जोसेफ प्रीस्टली याने 1774 च्या सुमारास पारा व गंधकाम्ल तापवून हा वायू मिळवला. तो पाण्यात विरघळून जाई, म्हणून पाण्याऐवजी पाऱ्यावर गोळा करण्याची युक्ती त्याला उपयोगी पडली. परंतु त्यापूर्वीच, 1746 मध्ये, जॉन रोबक याने बर्मिंगहॅम येथे शिसाच्या पत्र्याच्या कोठड्या उभारून गंधक व सोरा एकत्र जाळण्यास आरंभ केला होता. काचेच्या भांड्यांत थोडे थोडे तयार होणारे गंधकाम्ल त्यामुळे स्वस्त झाले. तागाचे कापड पांढरे करताना आंबट दुधात दीर्घकाळ भिजत ठेवावे लागे. तेथे सौम्य गंधकाम्ल वापरावे, असे फ्रान्सिस होम याने 1756 मध्ये सुचवले. कापडउद्योगाचा वेळ व पैसा वाचला.

येथे एक तपशील बोलका आहे. सोरा महाग होता. म्हणून कोठडीतून निसटणारी नायट्रोजनची ऑक्साइडे परत पकडण्यासाठी गे-ल्युसॅक यांनी 1827 मध्ये खास मनोरा सुचवला. त्याच काळात कोळशाच्या धुराड्यांतून निसटणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसाठी कोणी मनोरा बांधला नाही, कारण तो वाया गेल्याने कोणाचे नुकसान खात्यात पडत नव्हते.

धुराड्यातील वायू :

अज्ञान हे कारण पुढे करता येत नाही. लंडनच्या कोळशाच्या धुराविरुद्ध जॉन एव्हलिन याने 1661 मध्येच राजा दुसरा चार्ल्स यास निवेदन सादर केले होते. रॉबर्ट अँगस स्मिथ याच्या 1872 च्या ग्रंथात ‘आम्लपर्जन्य’ ही संज्ञा येते. कॅनडातील ट्रेल येथील धातुशुद्धीच्या भट्ट्यांचा धूर सीमा ओलांडून अमेरिकेतील शेतीवर गेला, तेव्हा प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. आपल्या भूमीतील धुराने शेजारी राष्ट्राची हानी होऊ देण्याचा हक्क कोणत्याही राष्ट्रास नाही, असा निवाडा 1941 मध्ये झाला. त्याआधी, 1930 च्या दशकातच, तेथील कंपनी हा वायू पकडून त्यापासून खत करू लागली होती. भरपाईचा प्रश्न उभा राहताच धूर हा कच्चा माल ठरला!

लंडनमध्ये बॅटर्सी वीजकेंद्राचा धूर 1930 च्या दशकापासून धुतला जात होता, म्हणजे तंत्र उपलब्ध होते. घरोघरच्या शेगड्या मात्र मोकळ्याच राहिल्या. 5 ते 9 डिसेंबर 1952 च्या धुरक्यात तत्कालीन अंदाजानुसार सुमारे 4,000 माणसे दगावली. नंतरच्या संशोधनात हा आकडा 12,000 पर्यंत जातो. स्वच्छ हवेचा कायदा 1956 मध्ये झाला.

भारतीय संदर्भ :

आपल्याकडे या विषयावरील चर्चा ताजमहालाभोवती फिरत राहिली. मथुरा तेलशुद्धी कारखाना 1982 मध्ये सुरू झाला. 30 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिसरातील 292 उद्योगांना नैसर्गिक वायू वापरण्याचा अथवा स्थलांतराचा आदेश दिला. आम्लामुळे संगमरवराचे जिप्सम होते, हे खरे. तथापि ताज पिवळा पडण्याचे सारे खापर या एका वायूवर फोडणे योग्य नव्हे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काजळीयुक्त कण व धूळ यांचा वाटा मोठा आढळला.

वीजकेंद्रांच्या धुराड्यात चुनखडीचा फवारा देऊन हा वायू पकडला तरी जिप्समच मिळते, आणि ते सिमेंटसाठी विकले जाते. भारतीय औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये प्रथम ठरली. दोन वर्षांची मुदत पुन्हा पुन्हा वाढली. जुलै 2025 च्या अधिसूचनेने तीन-चतुर्थांशांहून अधिक संचांना त्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी आहे, हवेतील प्रमाण मर्यादेत आहे आणि यंत्रणा खर्चिक आहे, अशी समर्थने देण्यात आली. पहिली दोन विधाने खोटी नाहीत. परंतु हवेत या वायूचे सल्फेट कण बनतात आणि ते वायूच्या मोजणीत नव्हे, सूक्ष्म कणांच्या मोजणीत दिसतात. राजधानी परिसर व दहा लाखांवरील वस्तीची शहरे यांपासून 10 किलोमीटरच्या आतील केंद्रांवर बंधन कायम असून त्यांना डिसेंबर 2027 अखेरची मुदत आहे. सल्फेटचे कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात.