आर्नोकांठची छत्री

श्रोतेहो, छत्तीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला. कोल्हापूरच्या गादीचा पाठ आला म्हणजे, ‘राजाराम महाराज १८७० सालीं युरोपच्या प्रवासांत असतां वारले,’ एवढें एक वाक्य उच्चारून मी पुढें राजर्षि शाहू महाराजांकडे वळत असें. एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, ‘गुरुजी, तिकडे तर पुरतात ना? मग महाराजांना अग्नि कोठें दिला?’ मला उत्तर ठाऊक नव्हतें. ‘हें परीक्षेस येत नाहीं, खालीं बैस,’ असें मी म्हणालों. मुलगा खालीं बसला. प्रश्न मात्र माझ्यापुढें उभाच राहिला.

त्या प्रश्नाचें उत्तर प्रत्यक्ष पाहण्याचा योग निवृत्तीनंतर आला, तो माझ्या एका बालमित्रामुळें. हे गृहस्थ कळमेश्वरजवळ संत्र्यांची बाग राखून आहेत. त्यांचे चिरंजीव इटलींत नोकरीस. त्यांनीं वडिलांस बोलाविलें, तेव्हां ‘मास्तर बरोबर असेल तरच येईन,’ अशी अट मित्रानें घातली आणि आम्ही दोघे म्हातारे फ्लॉरेन्स शहरीं जाऊन पोंचलों. तेथील लोक आपल्या शहरास फिरेंझे म्हणतात.

हें शहर आर्नो नदीच्या खोऱ्यांत वसलें आहे आणि चहूंकडून टेकड्यांनीं वेढलें आहे. पहिल्या दिवशीं सकाळीं आम्ही दक्षिणेकडील सान मिनियातोच्या टेकडीवर चढलों. माथ्यावर अकराव्या शतकांत बांधावयास घेतलेलें देवालय आहे. पायऱ्या चढतां चढतां मित्राला दम लागला. ‘मास्तर, रामटेकचा गड चढायचा तर तिथें तरी देव आपला आहे,’ असें तो म्हणाला. पण माथ्यावर आल्यावर तोहि गप्प झाला. खालीं लाल कौलांचा समुद्र पसरला होता आणि त्यांतून ब्रुनेलेस्की या शिल्पज्ञानें १४२० ते १४३६ या काळांत उभारलेला विटांचा प्रचंड घुमट वर आला होता. जमिनीपासून लांकडी आधाराचा सांगाडा न उभारतां हा घुमट बांधला गेला. पलीकडे उत्तरेस फिएझोलेची टेकडी दिसत होती. रोमन लोकांच्याहि पूर्वींचें गांव तेथें होतें. त्या बाजूच्या डोंगरांतून मुन्योने नांवाचा एक लहान ओढा निघतो व शहरास वळसा घालून पश्चिमेस आर्नोला मिळतो. श्रोत्यांनीं हा ओढा ध्यानांत ठेवावा.

टेकडीवरून सांता क्रोचे हें मोठें देवालयहि दिसतें. त्यांत महाकवि दान्ते याचें थडगें आहे, परंतु तें रिकामें आहे. या कवीस फ्लॉरेन्सनें १३०२ सालीं हद्दपार केलें. तो १३२१ सालीं राव्हेना येथें वारला आणि त्याच्या अस्थि आजहि तेथेंच आहेत. पांचशें वर्षांनीं, एकोणिसाव्या शतकांत, पश्चात्ताप पावलेल्या नगरानें हें थडगें बांधलें. ज्या नगरानें स्वतःच्या कवीस घराबाहेर काढलें, त्यानें परक्या देशाच्या एका तरुण राजास कसें वागविलें, तें पाहण्यासाठीं मी आलों होतों.

राजाराम महाराजांचा जन्म १८५० चा. मूळ नांव नागोजीराव. पाटणकरांच्या घराण्यांतील हे कोल्हापूरकर छत्रपतींचे भाचे. १८६६ सालीं मामा निपुत्रिक वारले व भाचे दत्तक होऊन गादीवर आले. आम्हां नागपूरकरांस या ठिकाणीं थोडें थांबावें लागतें. १८५३ च्या डिसेंबरांत आमचे तिसरे रघूजी भोसले असेच निपुत्रिक वारले, तेव्हां डलहौसीसाहेबानें दत्तकाचा हक्क मानला नाहीं आणि १८५४ सालीं राज्य खालसा केलें. पुढें सत्तावनचें बंड झालें, आणि १८५८ च्या जाहीरनाम्यानंतर इंग्रजांचें धोरण पालटलें. नागपूरचें राज्य ज्या कारणानें बुडालें, त्याच प्रसंगीं कोल्हापूरचें तरलें, तें अवघ्या बारा-तेरा वर्षांच्या अंतरामुळें.

१८७० च्या उन्हाळ्यांत महाराज विलायतेस निघाले. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणारा तो काळ. वय वीस वर्षांचें. बरोबर कॅप्टन वेस्ट नांवाचा इंग्रज अधिकारी व आपली माणसें. लंडनमध्यें त्यांनीं व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली. पाहिलें-ऐकलें तें ते रोजनिशींत इंग्रजींत टिपून ठेवीत. ती रोजनिशी वेस्टनें १८७२ सालीं लंडनमध्यें छापून प्रसिद्ध केली. परततांना थंडी सुरू झाली होती आणि फ्रान्स व प्रशिया यांच्यांत युद्ध जुंपलें होतें. टायरोलच्या डोंगरांतून इटलींत उतरेपर्यंत महाराजांची प्रकृति ढासळली होती. फ्लॉरेन्स त्या वेळीं इटलीच्या नव्या राज्याची राजधानी होतें. तेथेंच १८७० च्या नोव्हेंबरच्या ३० तारखेस त्यांचें देहावसान झालें.

आतां त्या मुलाचा प्रश्न उभा राहिला. कॅथॉलिक देशाच्या राजधानींत प्रेत जाळावयाचें कसें? त्या काळीं इटलींत दहनाची रीत नव्हती. मिलान शहरांतील पहिलें दाहगृह १८७६ चें. पुढें १८८६ सालीं रोमच्या धर्मपीठानें दहनास उघड बंदी केली व ती १९६३ सालीं उठविली. अशा देशांत महाराजांच्या माणसांनीं आपल्या धर्माप्रमाणें नदीसंगम मागितला, आणि अधिकाऱ्यांनीं खास परवानगी दिली. शहराच्या पश्चिमेस काशिने नांवाचें मोठें उपवन आहे. त्याच्या अगदीं टोंकाला मुन्योने व आर्नो यांचा संगम होतो. तेथें रात्रींच्या वेळीं चिता रचून महाराजांचा देह अग्नीच्या स्वाधीन करण्यांत आला.

दुसऱ्या दिवशीं आम्ही काशिनेकडे निघालों. उपवन सुमारें तीन किलोमीटर लांब आहे. दोहों बाजूंस उंच वृक्षांच्या रांगा, मधून जाणारा सरळ रस्ता, डावीकडे नदी. ‘चित्रांची दालनें सोडून तूं मला इथें कशाला आणलेंस?’ असें मित्र दर फर्लांगाला विचारीत होता. वाटेंत एका वृद्ध इटालियन गृहस्थास चिरंजीवांनीं रस्ता विचारला. त्यानें हात लांब करून एकच शब्द उच्चारला, ‘इंदियानो!’ म्हणजे ‘तो हिंदी माणूस’. त्या भागास, तेथील स्मारकास आणि १९७८ सालीं खुल्या झालेल्या, तारांनीं तोललेल्या भव्य पुलासहि हेंच नांव आहे. शहरानें पाहुण्याची आठवण दीड शतक जपली. नांव मात्र लोकांच्या तोंडून गळून गेलें.

उपवन संपतें तेथें, लोखंडी कुंपणाच्या आंत, चार खांबांवर घुमटी असलेली छत्री उभी आहे. ती १८७४ सालीं बांधली गेली. आराखडा चार्ल्स मँट याचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा पुढें त्यानेंच योजिला. छत्रीखालील रंगीत अर्धपुतळा फ्लॉरेन्समध्येंच राहणाऱ्या फुलर नामक इंग्रज मूर्तिकारानें घडविला. चेहरा कोंवळा, डोक्यास पागोटें, गळ्यांत अलंकार. खालीं चार भाषांत लेख कोरले आहेत, त्यांत आपली देवनागरी अक्षरें दिसलीं आणि मला पुढचें कांहीं वाचवेना. वीस वर्षांचीं मुलें मीं आयुष्यभर पाहिलीं आहेत. शाळा सोडून गेल्यावर तीं भेटावयास येतात, तेव्हां चेहऱ्यावर असाच भाव असतो.

मागें वळून पाहिलें, तों वाटभर कुरकुर करणारा माझा मित्र कुंपणाबाहेर बूट काढून, थंडगार फरशीवर मोज्यांनिशीं हात जोडून उभा होता. त्याला तहाची कलमें ठाऊक नव्हतीं, कीं वंशावळहि ठाऊक नव्हती. थोड्या वेळानें त्यानें हळूच विचारलें, ‘मास्तर, याची आई होती का रे तेव्हां?’ याहि प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. या खेपेस मीं त्याला खालीं बसविलें नाहीं.

महाराजांमागें पुत्र नव्हता. १८७१ सालीं दत्तक आलेले शिवाजी महाराज कष्टमय आयुष्य कंठून १८८३ सालीं अहमदनगर येथें निवर्तले, आणि १८८४ सालीं शाहू महाराज गादीवर आले. पुढची थोर कथा आपण सारे जाणतां. तत्पूर्वीं १८८० सालीं कोल्हापुरांत जें महाविद्यालय निघालें, त्याला या तरुण राजाचें नांव मिळालें; गोपाळ कृष्ण गोखले तेथें कांहीं काळ शिकले. म्हणजे कोल्हापुरांत नांव राहिलें आणि स्थळ विस्मृत झालें. फ्लॉरेन्समध्यें स्थळ राहिलें आणि नांव विस्मृत झालें. हीं दोन अर्धीं जुळविणें हेंच इतिहासशिक्षकाचें काम, आणि तें मीं छत्तीस वर्षें टाळलें.

तो मुलगा आतां चाळिशीच्या पुढें गेला असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. तो जर हें भाषण ऐकत असेल, तर त्यास एवढेंच सांगणें आहे: बाळ, अग्नि दोन नद्यांच्या संगमावर दिला. जागा चांगली आहे. पाणी वाहतें आहे, वर झाडांची सावली आहे. प्रश्न परीक्षेचा नव्हता, हें माझें म्हणणें खरें होतें. पण खालीं बसावयास हवें होतें, तें मीं.