पवईचे फ्रामजी कावसजी

सुरतेकडून मुंबईस येऊन १७०९ साली कोटात अग्यारी बांधणाऱ्या बनाजी लिमजींचे घराणे व्यापार-उदिमाचे. त्याच कुळातील फ्रामजी कावसजी (१७६७–१८५१) यांना मात्र शेतीचा नाद. आपल्या साष्टीतील पवईची इस्टेट भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी विहिरी खोदल्या. ऊस, नीळ, तुती, आंबे लावले. १८३० साली गव्हर्नर माल्कम ती शेती पाहून प्रसन्न झाले. १८३८ साली फ्रामजींनी राणी व्हिक्टोरियाला आंबे धाडले. सगळे सांगतात ती गोष्ट या आंब्यांचीच!

मला पाण्याची मोठी वाटते. १८३४ साली नेमलेल्या पहिल्या हिंदी ‘जस्टिस ऑफ दि पीस’ मंडळींत फ्रामजी होते. शहराच्या कारभारात शिरायला हिंदी माणसाला तेव्हा तेवढेच दार उघडे होते. पण तहानेला ठराव पुरत नाही. गिरगावातील मुगभाटात त्यांनी स्वखर्चाने विहिरी खोदल्या, वाफेच्या यंत्राने पाणी उपसून नळाने एस्प्लनेडकडे नेले, आणि त्या यंत्राचा खर्च कायमचा पवईच्या इस्टेटीवर बसवला. म्हणजे पवईच्या शेतीवर मुंबईचे पाणी! पुढे १८९१ साली खुद्द पवईतच शहरासाठी तलाव बांधला गेला. त्याचे पाणी मात्र पिण्याच्या कामी फार काळ आले नाही.