नारिंगाचा प्रवास

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात, 1928 साली खुल्या झालेल्या मध्यवर्ती मंडईच्या काचेच्या विशाल घुमटाखाली, ज्या केशरी फळाच्या राशी पाहून कोणाचेही चित्त प्रसन्न व्हावे, त्या फळाचे ‘नारांखा’ हे स्पॅनिश नाव अरबी ‘नारंज’ आणि फारसी ‘नारंग’ या मजला ओलांडीत मागे नेले असता थेट संस्कृत ‘नारंग’ शब्दाशी, म्हणजे आपल्या नारिंगाशी, येऊन ठेपते. अरबांनी त्या मुलखात प्रथम रुजविले ते कडू नारिंग; गोड फळ कित्येक शतकांनी आले, नाव मात्र जुनेच कायम राहिले. इटालियन व फ्रेंच भाषांनी आरंभीचा ‘न’ गमावला. स्पॅनिशने तो निष्ठेने राखला, म्हणून हे रूप मला अधिक प्रिय वाटते. त्याच मंडईतील साखरेचे ‘आथूकार’ हे नावही आपल्या ‘शर्करे’चेच वंशज होय.