रुसवा, त्रागा, वैताग, चीड

येवल्यात पैठणीचा माग अनेकांच्या घरातच असतो. नवरा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, बायको कांड्या भरते आहे किंवा स्वतःच दुसऱ्या मागावर आहे, आणि चूल चार पावलांवर. ‘कामावरचं घरी आणू नये’ हा सल्ला इथे कुणाला द्यायचा? सकाळचा खटका दुपारपर्यंत हातात उतरतो. फणीचा ठोका कमी-जास्त पडला की कापडात पट्टा उमटतो. पदरावरच्या मोराचे धागे मोजताना लक्ष उडालं की विणलेलं उसवावं लागतं. भावनिक बुद्धिमत्तेच्या अभ्यासात पहिलं पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी म्हणूनच आधी या घरात नेतो.

संज्ञा तशी नवी. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये तिची मांडणी केली: स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना टिपणं, त्यांतला फरक ओळखणं आणि त्या माहितीच्या आधारे विचार करणं, वागणं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. वाटेत तिच्यात चिकाटी, उमेद असं बरंच काही भरलं गेलं. ही क्षमता की स्वभाव, ती मोजायची कशी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला मूळची आटोपशीर व्याख्या पटते. तिच्यातला ‘माहिती’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ही माहिती वाचायला मराठी फार मदत करते. रुसवा आपल्या माणसावरच धरता येतो. कुणीतरी समजूत काढायला येईल ही आस त्यात असते. मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांमागची कथा तीच आहे: दार लावून बसलेला थोरला भाऊ, आणि दाराबाहेर समजूत काढणारी धाकटी बहीण. त्रागा करणारा स्वतःलाच शिक्षा करतो, भरल्या ताटावरून उठतो. वैताग थकव्यातून येतो. चीड येते ती अन्यायाची. आपण मात्र चौघांनाही ‘राग’ म्हणतो आणि चौघांवर एकच औषध देतो, ‘शांत हो’. रुसलेल्या बायकोला विचारपूस हवी असते. मजुरी अडकलेल्या विणकराला त्याचे पैसे हवे असतात.

या शेवटच्या माणसासाठी मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. राग गिळायला शिकवणारी विद्या म्हणून कुणी हा विषय मांडू लागला, तर त्याने येवल्याचा इतिहास वाचावा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी इथल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० पासून चालू होता. तोही थांबवून त्यात खर्च होणारी शक्ती स्वाभिमानाने स्वतंत्र उभं राहण्यासाठी वापरावी, असं तिथे ठरलं. धर्मांतर झालं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. मधली एकवीस वर्षं अभ्यासाची आणि तयारीची होती. एवढं मोठं कार्य या विषयाच्या मापात बसवण्याचं धाडस मी करणार नाही. पण चीड विझू न देता तिला विचाराची दिशा देता येते, हे या गावाला माहीत आहे.

पुढच्या पानावर जाण्याआधी गेल्या आठवड्यातला स्वतःचा एक राग आठवा. तो रुसवा होता, त्रागा होता, वैताग होता की चीड, एवढंच समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकरणात त्याच्याकडे परत यायचं आहे.