पिसं टाकणाऱ्या कोंबड्या आणि चुलीची राख

आजीचं गाव आष्टा 1949 पासून दक्षिण सातारा जिल्ह्यात होतं. 1960 साली त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. आमच्या आजीच्या कोंबड्यांचं वेळापत्रक मात्र दिवस-रात्रीच्या मानानंच चालायचं. दिवाळीच्या सुमाराला दिवस लहान होत, मानेपासून पिसं झडायला लागत आणि अंडी थांबत. आजी म्हणायची, "पिसं टाकत्यात, येतील नवी." पिसाचा बहुतेक भाग प्रथिनांचा, म्हणून अंड्याला काही उरत नाही. ती शेंगपेंड भिजवून घालायची, ते अगदी योग्य होतं.

अवेळी पिसं गेली तर ती कोंबडी उलटी धरून बुडाशी बघायची. पिसांच्या मुळाला उवांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके असत. पाठच उघडी पडली असेल तर दोष कोंबड्याचा. त्याला डालग्याखाली वेगळा ठेवायची.

परसात चुलीची राख पडलेली असे. कोंबड्या तिच्यात लोळत, उवा आपोआप कमी होत. गॅस आला, परसात फरशी आली आणि ही सोय गेली. खुराड्याच्या फटींतले रक्त पिणारे किडे तर रात्रीच बाहेर पडतात. आज कोंबड्या पाळणाऱ्यांनी एका पाटीत कोरडी माती आणि लाकडाची राख ठेवावी, आणि रात्री बॅटरी घेऊन फटी तपासाव्यात.